हिरव्या पिकअपीस ब्रेक चढविल्याची हकिकत

श्री राजुरेश्वर प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, जालना प्रांती, भोकरदन तालुकियात, कसबे राजूर येथील एका चौचाकी वाहनाच्या पुढील दोन चाकांवर जे युद्ध जाहले, त्यात कोणी शर्थ केली, कोठे माघार आली आणि फत्ते कैसी जाहली, हे पुढील पिढ्यांस ठाऊक असावे, नाही तर लोक म्हणतील की गाडी आपोआपच थांबली, म्हणोन यथास्थित लिहिले आहे.

राजमान्य राजश्री काकासाहेब, वय वर्षे एकसष्ट, पेशा काश्तकारी, यांचे पदरी एक हिरव्या रंगाची पिकअप होती. ती त्यांच्या वडिलांनी बहात्तरच्या दुष्काळाआधी खरीद केली आणि तिजवर कापूस वाहिला, वऱ्हाडे वाहिली, एक वेळ तर शाळेची घंटाही वाहिली, आणि गावाने तिचे नाव हिरवी ऐसे ठेविले. हिरवी चालण्यात वाघीण, परंतु थांबण्याविषयी तिचा स्वभाव पहिल्यापासोन बेफिकीर. चारही चाकांत जुने ड्रम ब्रेक, ते मर्जी जाहली तर लागत, न जाहली तर न लागत.

मग कार्तिकात चतुर्थीचे दिवशी काकासाहेब आणि त्यांचे कुटुंब दैवशालाबाई राजुरेश्वर गणपतीचे दर्शन करोन देवळाच्या टेकडीवरून उतरत असता ब्रेकाचा पेडल एकाएकी फळीपावेतो खाली गेला आणि वर आलाच नाही. पुढे माणसांची दाटी. काकासाहेबांनी हँडब्रेक ओढिला, तो हाती आला, मग स्टेअरिंग डावे मारून हिरवी थेट गावकरी बद्रीनाथ यांच्या कडब्याच्या गंजीत घातली. जखमी कोणी जाहले नाही. दैवशालाबाईंच्या कपाळी टेंगूळ आले, चार बांगड्या फुटोन कामास आल्या, आणि बाईंनी कडब्यातून बाहेर येऊन, डोईवरची चिपाडे काढीत, फर्मान केले की या गाडीत आजपासोन आपण बसणार नाही आणि काकासाहेबांनीही बसू नये.

काकासाहेब बहुत दिलगीर जाहले. चारचौघांत ते म्हणत की यंत्रच ते, बिघडायचेच. परंतु आतली गोष्ट निराळी होती. त्या दिवसापासोन त्यांचा उजवा पाय थरथरत असे, गाडीत बसता थरथरे आणि गाडी नुसती आठवली तरी थरथरे. हे त्यांनी कोणास कळू दिले नाही.

त्याउपरि हिरवी दोर बांधून, ट्रॅक्टरामागे, जालन्यास मस्तगडात उस्ताद मुनीर यांचे कारखान्यात रवाना जाहली. मुनीर यांच्या मरहूम वालिदांनी हिरवीची तीस वर्षे चाकरी केली होती, त्यामुळे दोन्ही घरांचा घरोबा. मुनीर यांनी चाके उतरविली, ड्रम पाहिले, आणि निवाडा दिला की हे पुढील दोन ड्रम संपले, यांचे सामान आता कोठे निघत नाही. तजवीज एकच. एखाद्या नव्या जमान्याच्या जीपगाडीचे डिस्क ब्रेक काढावे आणि हिरवीचे पुढील चाकांस चढवावे, म्हणजे तबकडी दोहोंकडून चिमट्यात धरली जाते आणि गाडीस थांबणे भाग पडते.

शोधास जासूद सुटले. खबर आली की औद्योगिक वसाहतीजवळ राधेश्याम यांचे भंगाराचे मैदानी एक उलटलेली जीप पडली आहे, पाठ मोडली परंतु पुढील पाय शाबूत, आणि तीही उदईक सकाळी भट्टीत वितळावयास जाणार. काकासाहेब आणि मुनीर तैसेच रिक्षा करून धावले. राधेश्याम यांनी सांगितले की वजन भट्टीवाल्यास कळविले आहे, त्यात कमी पडता कामा नये. मग तह ऐसा ठरला की जितके लोखंड न्यावे तितके लोखंड द्यावे. काकासाहेबांनी राजुराहून मोडका नांगर, विहिरीवरचे जळके पंप, आणि कारखान्यातून हिरवीचेच जुने ड्रम आणविले, काट्यावर पारडी बराबर केली, आणि दिवस मावळायाचे आत जीपगाडीचे डिस्क, कॅलिपर म्हणजे तबकडी धरणारे चिमटे, आणि पायाचा जोर वाढविणारा बूस्टर, ऐसा सरंजाम सोडवून आणिला.

परंतु मुलूख काबीज करणे निराळे आणि राखणे निराळे. जीपगाडीचा कॅलिपर हिरवीचे हाडास बसेना. लोखंडाची जाड पट्टी कापून, लेथवर घासून, भोके पाडून मधला दुवा तयार केला, तो बसला. मग चाक चढविले तो चाक फिरेना, कारण जुनी रिम लहान आणि कॅलिपर तिजला घासे. मुनीर पुनः मैदानी गेले आणि काकासाहेबांचे घरचे एक लोखंडी दार देऊन तेथे सुट्या पडलेल्या तैशाच जीपगाडीच्या मोठ्या रिमाही आणिल्या. चाक फिरले. कारखान्यात चहा जाहला.

आता गनीम एकच राहिला, तो म्हणजे हवा. ब्रेकाच्या नळ्यांत तेल भरावयाचे आणि आतली हवा बारीक निपलातून, म्हणजे कॅलिपरावरच्या तोटीतून, काढून द्यावयाची, कारण हवा राहिली तर पेडल पोकळ लागतो. काकासाहेब पेडलावर, मुनीर गाडीखाली. एकाने दाबावे, दुसऱ्याने सोडावे. ऐसे दोन दिवस चालले, तेलाचे डबे रिते जाहले, आणि पेडल तैसाच, भिजल्या कणकेवर पाय द्यावा ऐसा. दुसरे दिवशी दुपारी काकासाहेबांनी पाय काढिला तो परत ठेविलाच नाही. मुनीर यांनी खालून दोनदा हाक दिली. तेव्हा काकासाहेब हळूच बोलले,

"मुनीर, त्या दिवसापासून माझा पाय थरथरून राह्यला. घरी सांगितलं न्हाई मी. मला वाटतं, ही गाडी आता माझ्यानं चालत न्हाई."

मुनीर गाडीखालून बाहेर आले नाहीत. तेथूनच उत्तर आले,

"मंग आता सांगितलं ना. ठेवा पाय. थरथरला तर थरथरू द्या, दाबल्याशी काम आहे."

काकासाहेबांनी पाय ठेविला. तो थरथरला, आणि त्यांनी दाबिला.

मुनीर यांच्या मातुःश्री अकबरबी दोन दिवस दारातल्या तख्तावर डाळ निवडीत हे युद्ध पाहात होत्या. त्या उठल्या, सूप बाजूस ठेविले, चाकाजवळ येऊन वाकल्या आणि म्हणाल्या,

"मुनीर, हवा ऊपर कू जाती ना? तेरा सूराख तो नीचे है."

मुनीर गाडीखालून निघोन चाकाशी आले. पाहतात तो डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता, त्यामुळे दोन्ही निपले तळास आणि हवा वर निवांत तळ ठोकून बसलेली. मुनीर यांनी कपाळास हात लाविला, आईस सलाम केला, आणि दोन्ही कॅलिपर उतरवून अदलाबदल केली. निपले वर आली. तेल भरिले, सहा वेळा पेडल दाबिला, निपलातून फसफस करीत हवा निघाली, मग निव्वळ तेल आले, आणि सातवे वेळी पेडल पायाखाली फरशीसारखा लागला.

हिरवी आपल्या पायांनी राजुरास आली. काकासाहेबांनी ती दारात उभी केली आणि कुटुंबास बसण्याविषयी अक्षर काढिले नाही. ओसरीवर बसोन त्यांनी पायाची सर्व हकिकत सांगितली. बाईंनी ऐकोन घेतले.

"मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "रात्री निजला तरी हालतो तो. तुम्ही कधी सांगता, तेच बघून राह्यले व्हते."

मग बाई उठल्या, चपला घातल्या आणि आपण होऊन हिरवीत जाऊन बसल्या.

स्वारी टेकडीवर गेली, दर्शन जाहले, आणि उतार लागला. निम्मे उतारावर, वळणाचे पलीकडे, रस्त्याचे मधोमध एक म्हैस पाय मुडपून बसलेली. बाईंनी दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरिला. काकासाहेबांनी पेडलावर पाय दिला. हिरवी न घसरता, न किंचाळता, नाकासमोर चार हात जागा राखोन जागच्या जागी उभी राहिली. म्हशीने रवंथही थांबविली नाही.

काकासाहेब पेडलावरच्या पायाकडे पाहात राहिले. पाय स्थिर होता. बाईंनी दांडा सोडिला आणि पदर सावरला.

"हॉर्न द्या की," त्या म्हणाल्या. "अंधार पडायच्या आत घरी जायचंय."

येणेप्रमाणे पौष मासी, राजूरचे उतारावर, सायंकाळचे सुमारास फत्ते जाहली. पुढील दोन चाके डिस्कास अंकित जाहली, मागील दोन ड्रमांकडेच कायम राहिली. मसलतीचा मान अकबरबींचा, मेहनत मुनीर यांची, आणि पाय काकासाहेबांचा. साक्ष दैवशालाबाई, ज्या शेजारी बसल्या होत्या. म्हैस पाव घटकेने उठली.