शेंदरातला गगनजीत

"देवापुढं ठेवलेली वस्तू वापस मांगाची नसते, नूतन. आत्ताच सांगून ठेवते," असं आईने बजावलं होतं. दिवस विश्वकर्मा पूजेचा. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या सेक्टरमधल्या क्वार्टरात बाबांनी पाटावर पाना, पक्कड, हातोडी मांडली होती आणि चौथीतल्या नूतनने त्यांच्या शेजारी आपला निळा रोबोट उभा केला होता. तोही मशीनच होता ना! "उद्या घेऊन घेईन मी," म्हणत ती खेळायला पळाली. दुसऱ्या दिवशी चाचणी परीक्षा निघाली, मग आणखी काही, आणि मग नूतन मोठीच झाली.

आता ती भिलाईतल्याच स्मृति नगरात राहत होती, आणि झोपलेल्या लेकीच्या, मोनाच्या, नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघत होती. मोना लवकर झोपायची नाही. म्हणून नूतन तिला गगनजीतची गोष्ट सांगायची. गगनजीत हा जपानी कार्टूनमधला रोबोट. रविवारी दुपारी तो हिंदीत बोलायचा. तोंड मिटलं तरी बोलणं चालूच असायचं. राग आला की छातीवरची चांदणी दाबून मनगटापासून मूठ सोडायचा. संध्याकाळी कारखान्यात स्लॅग, म्हणजे लोखंडाची तापलेली मळी, ओतली की आभाळ नारिंगी व्हायचं, तेव्हा छोट्या नूतनला वाटायचं, हा तोच उडाला. शेवटच्या भागात तो कोसळणारा चंद्र ढकलायला निघाला आणि नूतनला तिथेच झोप लागली. पुन्हा ते कार्टून कधी लागलं नाही.

एक गोष्ट मात्र तिने मोनाला सांगितली नव्हती, कुणालाच नव्हती. गगनजीत रडायचा. डाव्या डोळ्यातून तेल गळायचं त्याच्या. झोपताना लेकरांना रडणारं काही सांगू नये.

"गगनजीत? असा कार्टून नव्हताच," सुशील, तिचा नवरा, म्हणाला. "मी टीव्हीसमोर बसूनच मोठा झालो. तुले सपना पडला असन."

शेजारच्या भाग्यश्रीनेही मान हलवली. मोबाइलवर शोधलं तर गगनजीत नावाचा एक प्लॉट विकणारा तेवढा सापडला.  जे झालंच नाही ते आठवायला लागलं, तर जे झालं ते विसरायला कितीसा वेळ? त्या दिवसापासून नूतन गॅसचं बटन जास्तच वेळा तपासू लागली. एकच पुरावा होता, तो रोबोट. निळा, चौकोनी कानांचा, छातीवर पिवळी चांदणी असलेला.

रिटायर झाल्यावर आई-बाबा जवळच्या उतई गावी राहायला गेले होते. विश्वकर्मा पूजेला तिघं तिथे पोचली, तर अंगणात गल्लीतल्या सुखरामची हार घातलेली नवी ई-रिक्षा, कुणाची शिलाई मशीन आणि दोन मिक्सर रांगेने उभे.

"हे काय गं आई?"

"यंत्रदेवाच्या दर्शनाले आले. याच्या पाया पडल्याबिगर सुखराम गाडीच नाही काढत."

देव्हाऱ्यात पितळी देवांच्या मागे वीतभर उंचीचा शेंदराचा गोळा उभा होता. त्याला चांदीचे डोळे होते. इतकी वर्षं नूतन त्याला नमस्कार करत आली होती. नीट पाहिलं ते आज. शेंदरातून दोन चौकोनी कान डोकावत होते.

"आई! हा गगनजीत आहे! माझा रोबोट!"

"असन. देवाले हजार नावं असतात."

"अगं, प्लास्टिकचा आहे तो!"

"हळू बोल, सुखराम आयकन. दरसाल शेंदूर चढवते मी त्याले."

सुशील वाकून बघत होता. "इसमें रोबोट किधर है? मले तर शेंदूरच दिसून राहिला."

"थांब, खरवडून दाखवते," म्हणत नूतनने चमचा उचलला. आईने त्याचं दुसरं टोक धरलं.

"खबरदार! कवच देव सोतःच टाकते. माणसानं काढलं तर घरावर येते."

घरावर म्हटल्याबरोबर नूतनने चमचा सोडला. मोनाला कालच एक शिंक आली होती.

आरती सुरू झाली. टाळ्या, घंटी, धूप. त्या धुरात मोना नूतनच्या कडेवरून एकटक बघत राहिली. तिनेही ते कान ओळखले. झोपेच्या गोष्टीतला माणूस असा समोर भेटल्यावर ती काय ऐकते!

"गगनजीत, मुक्का चला!" ती ओरडली आणि वाकून तिने त्याच्या छातीवर अंगठा दाबला.

खट्!

इतकी वर्षं दबून बसलेली स्प्रिंग सुटली. मूठ निघाली ती थेट सुशीलच्या कपाळावर आदळली, तिथे ठसठशीत टिळा लावून उसळली, दारातून बाहेर गेली आणि ई-रिक्षाच्या सीटच्या फटीत गडप झाली. पाठोपाठ शेंदराचं कवच तडकलं आणि खपलीसारखं खाली आलं. निळी छाती, पिवळी चांदणी!

"बघा! बघा रोबोट!" नूतन आनंदाने ओरडली.

बघायला कुणी उभंच नव्हतं. सगळे देवापुढे साष्टांग आडवे झाले होते.

"देवता ह मोर गाड़ी म बइठ गे, दाई!" देव आपल्याच गाडीत बसला म्हणून सुखराम रडायच्या बेतात आला होता.

"कवच टाकलं वो माय!" आईने हात जोडले. शेजारचा एक जण स्कूटर आणायला घराकडे धावला.

सुशील कपाळ चोळत होता. "मान्य. खेळणं आहे. पण कार्टून होता हे कुठं सिद्ध झालं? निळे खेळणे बाजारात ढिगानं मिळतेत."

नूतनचा चेहरा पडला. रोबोट मिळाला तो असा की परत मागायची सोय नाही, आणि मिळूनही तो पुरावा नाहीच.

इतका वेळ बाबा, गुलाबराव, कोपऱ्यात बसून नारळाच्या शेंड्या काढत होते. त्यांनी मान वर केली. चांदीचा एक डोळा कवचाबरोबर गळून पडला होता.

"तेल नाही गळून राहिलं आज," ते म्हणाले.

"कुठून, बाबा?"

"डाव्या डोळ्यातून. टीव्हीवर नाही रडत होता का हा?"

नूतन त्यांच्याजवळ सरकली. "तुम्ही पाहायचे?"

"नाइट ड्यूटी करून आलो की झोप नाही लागे. तू पुढं बसे, मी मांगून पाहो."

"मग शेवटी? परत आला का तो?"

"आला ना. तू झोपून गेली होती."

"सांगितलं कसं नाही मला?"

"तुनं पुसलंच कावून नाही?" आणि मग त्यांनी सांगितलं, चंद्र जागेवर बसवून तो बाबांच्या कारखान्यातल्या भट्टीपाशी उतरला, वाकडा झालेला पाय तापवून सरळ करून घेतला आणि गेला. ऐकताना नूतनच्या डोळ्यांपुढे आभाळ पुन्हा नारिंगी झालं. घरी परतल्यावर तिने गॅस एकदाच तपासला.

मूठ अजून मिळालेली नाही. सुखराम सीट उचलूच देत नाही. सुशील मात्र उतईला गेला की आधी यंत्रदेवापुढे कपाळ टेकतो. सावधगिरी म्हणून, असं म्हणतो. पुढच्या खेपेला बाबांनी मोनाला सांगितलं की गगनजीत चंद्रावरच राहिला. त्यानंतर सुशीलला सांगितलं की तो समुद्रात पडला. नूतन तेव्हापासून पुन्हा काळजीत आहे, आणि तिचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. भिलाईतल्या पावर हाउस भागाकडून उतईला जाणं झालं, तर गुलाबरावांकडे जरा डोकावून या. आधी तब्येत विचारा, मग शेवट विचारा. शेवट कोणताही सांगू देत. तेल कोणत्या डोळ्यातून गळायचं, तेवढं त्यांच्या लक्षात आहे ना, ते बघून या.