नाईकांच्या हँडलाची आणि सरकारच्या गुडघ्याची हकीकत

श्रीविघ्नहर्त्यास नमन, चाकास नमन, आणि चाक थांबल्यावर भार पेलणाऱ्या पायांस विशेष नमन करून, पदरच्या कारकुनाने जैसे पाहिले तैसे लिहिले ते ऐसे जे, शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरे, चैत्रमासी, हमरस्त्याचे काठी राजश्री व्यंकटराव साहेबांचे राज्य सुखरूप चालत होते. राज्य म्हणजे तारेच्या कुंपणातले मैदान, त्यात ट्रेलरांची फौज, आणि वेशीवर चहाची टपरी, जेथे राज्याच्या सर्व मसलती सरकारांच्याही आधी ठरत असत. त्या फौजेत थोरला ट्रेलर होता, त्याचा मान पहिला, कारण राज्य त्या एकट्या ट्रेलरावर उभे राहिले. आता ट्रेलराची रीत ऐसी की पुढे ओढणारे इंजिनाचे धूड असते, त्यास चालक मंडळी घोडा म्हणतात, आणि घोडा सुटला की ट्रेलर पुढून तोंडावर पडेल, म्हणून त्याच्या पोटाखाली दोन लोखंडी पाय असतात, ते हँडल फिरवून भुईस टेकवावे, आणि मग घोडा सोडावा. ते हँडल फिरविण्याचा मान गेनोजी नाईकांचा. राज्य नव्हते तेव्हा व्यंकटराव स्वतः घोडा हाकीत आणि गेनोजी हँडल फिरवीत, आणि दोघे एका डब्यातली भाकरी खात, तेव्हापासूनचा हा मान, आणि तो इतका कडक की एका नवख्या चालकाने सहज म्हणून हँडलास हात लावला, तर त्यास सर्व मैदानास कांदाभजी घालून शुद्ध व्हावे लागले.

ऐसे असता चैत्र वद्यात माल भरला असताना हँडल उलटे फिरले आणि नाईकांच्या उजव्या खांद्यास ऐसा तडाखा बसला की नाईक मटकन खाली बसले. मग वैद्य आले, आणि खांदा चाचपून बोलिले की पुन्हा ऐसा मार बसला तर हात कायमचा जाईल. सरकारांस बहुत वाईट वाटले, आणि सरकारांनी हलकेच विषय काढिला की हल्ली हायड्रॉलिक म्हणून विद्या निघाली आहे, खटका दाबावा, पंप तेल ढकलतो, तेल पायांस ढकलते, आणि माणसास घाम येत नाही. हे ऐकून नाईकांच्या मिशा थरथरल्या आणि भरल्या मैदानात ते बोलिले, "ज्या दिवशी या ट्रेलराचे पाय दुसऱ्याच्या हाताने हलतील, त्या दिवशी आमचे गाठोडे आम्ही उचलू." आणि नाईक बोलले म्हणजे बोलले, हे टपरीवरच्या कुत्र्यासही ठाऊक होते. सरकार त्या दिवशी जेवले नाहीत. हात गेला तर नाईक गेले, आणि हात वाचविला तरी नाईक गेले, ऐसा पेच पडला, आणि नाईकांवाचून राज्य करावे ही कल्पना सरकारांस सोसवेना.

मग सरकारांनी कासम मिस्त्रीस एकांती बोलाविले आणि कपट रचिले. नाईकांस भाच्याच्या लग्नास धाडिले, सोबत आहेराचे लुगडे दिले, आणि पाठ फिरताच मिस्त्रीने थोरल्या ट्रेलराचे जुने पाय उतरविले, तेलाचे पाय बसविले, पंप पत्र्याआड दडविला, आणि जुने हँडल होते तेथेच ठेवून आत एक दातेरी चक्र सोडिले, जे फिरविता कटकट वाजे आणि दुसरे काहीच न करी. खटका ठेविला घोड्याच्या केबिनीत, बैठकीच्या खाली, गोणपाटाआड. मिस्त्रीने पुसिले की सरकार, नाईक बाहेर हँडल फिरवतील, तेव्हा आत खटका दाबायास माणूस कोण? त्यावर सरकार विचारात पडले. एकास सांगावे तर टपरीवरचा चहा उकळण्याआधी बातमी नाईकांकडे पोचेल. मग खोल श्वास घेऊन सरकार बोलिले की आम्हीच.

नाईक लग्नाहून परतले, थोरला ट्रेलर सोडायची वेळ आली, आणि सरकार चालकास टपरीवर चहास धाडून केबिनीत शिरले व जमिनीवर गुडघा टेकवून बसले. बाहेर कटकट वाजू लागली, आत सरकारांनी खटका दाबिला, आणि दोन्ही पाय सायीसारखे अलगद उतरले. नाईक क्षणभर थांबले, हँडलाकडे पाहिले, पायांकडे पाहिले, आणि मिशीवर ताव देऊन बोलिले की हात अजून आहे म्हणायचा. सर्वांनी वाहवा केली, आणि केबिनीत वाकलेल्या सरकारांच्या डोळ्यांत पाणी आले.

परंतु कपट रचणे सोपे, निभावणे अवघड. पुढे थोरला ट्रेलर जेव्हा जेव्हा सोडावा वा जोडावा, तेव्हा तेव्हा सरकारांस धावत येऊन केबिनीत शिरावे लागे. पाहुणे सोडून यावे, ताटावरून उठून यावे, आमटीचा हात न धुता यावे. आणि नाईकांची चाल त्या दिवसांत फार संथ जाहली. चार फेरे फिरवावे आणि तंबाखू मळावी, पुन्हा दोन फेरे फिरवावे आणि जुन्या लढायांच्या गोष्टी सांगाव्या, आणि आत सरकार एका गुडघ्यावर राज्य सांभाळीत. एकदा सरकारांची घाई जाहली आणि नाईक अद्याप तळहात चोळीत असताच पाय आपोआप खाली आले. नाईक गंभीर मुद्रेने बोलिले की लोखंडही आता आम्हांस ओळखू लागले आहे. बाईसाहेब अंबूबाईंनी सरकारांच्या विजारीस गुडघ्यावर रोज तेल पाहिले आणि पुसिले की आपण राज्य करता की कोणाच्या गाडीखाली लोळता? सरकार बोलिले की राजकारण आहे. बाईसाहेबांनी विजार भिजत घातली.

ऐसे करिता आश्विन आला आणि खंडेनवमी आली. त्या राज्याची चाल ऐसी की त्या दिवशी ज्याने त्याने आपले खरे हत्यार पुजावे, आणि पहिला हार नाईकांच्या हँडलास. चौरंगावर तांबडे वस्त्र घातले, त्यावर हँडल ठेविले, सर्व मंडळी जमली, आणि नाईक झेंडूचा हार घेऊन पुढे आले. आले, आणि चौरंगाशी न थांबता पुढे गेले. हळूहळू केबिनीत चढले, खाली वाकले, गोणपाट दूर केले, आणि हार खटक्यास घातला. कासम मिस्त्री जवळच्या टायराकडे टक लावून पाहू लागला. सरकारांची मान खाली गेली, आणि त्यांनी हळू आवाजात विचारिले, "नाईक, कधी कळले?"

नाईक बोलिले, "पहिल्याच दिवशी, सरकार. हँडल फिरले आणि खांदा दुखला नाही, ऐसे कधी जाहले होते?"

सरकारांनी पुसिले की मग आजवर बोलला का नाहीत. तेव्हा नाईक केबिनीच्या पायरीवर बसले आणि बोलिले की धनी आमच्यासाठी चोरून वाकला, आमच्यासाठी आजवर कोणी वाकले नव्हते, म्हणून म्हटले चार दिवस हे सुख घ्यावे, आणि खरे सांगायचे तर थोडी मौजही घ्यावी. "पण आता आपण वर चढता तेव्हा आपला गुडघा वाजतो, तो खाली हँडलापाशी ऐकू येतो. आमचा खांदा राहिला आणि धन्याचा गुडघा गेला, तर ते आम्हांस पचणार नाही. आता हे केबिनीत चढणे सोडा, आणि खटका आमच्या हाती द्या."

सरकार बोलिले, "आणि तुमचा शब्द? दुसऱ्याच्या हाताने पाय हलले, की गाठोडे उचलणार होता."

नाईक बोलिले, "दुसऱ्याच्या म्हणालो होतो. आपला हात दुसऱ्याचा कधीपासून जाहला?"

मग सर्वांनी गूळखोबरे खाल्ले, आणि मिस्त्रीने खटका केबिनीतून काढून ट्रेलराच्या बाजूस, नाईकांच्या डाव्या हाती येईल ऐसा बसविला.

तात्पर्य, खांदा वाचला, मान वाचला, आणि गुडघ्यास अंबूबाईंचे निर्गुडीचे तेल चालू आहे. खटक्यास दुसऱ्याने हात लावल्यास दंड भज्यांचाच आहे, त्यात सूट नाही. हँडल भिंतीस टांगले आहे आणि त्यावर चिमण्या बसतात. मात्र मैदानात थोरला ट्रेलर येऊन थांबला, की सरकार अद्याप ताटावरून अर्धे उठतात, मग त्यांस आठवते, आणि ते पुन्हा बसून निवांत जेवतात. पाहिले तेवढे लिहिले, अधिकउणे वाचणाराने पोटात घालावे.