एकही पहिलं मत नाही

सोनकांबळे सरांना चहा दिला की घोट घेऊन ते आधी विचार करतात, ह्या आठवड्यातल्या चहांत चवीला हा कितवा. मग नंबर सांगतात. डॉक्टरांनाही ते ताप, खोकला, डोकेदुखी असा क्रम लावून सांगतात, आणि डॉक्टरांनी आधी खोकल्याचं औषध लिहिलं तर तिथेच हुज्जत घालतात. आमच्या उदगीरच्या कॉलेजात ते खेळाचे सर होते, मी क्लार्क. त्यात घरं समोरासमोर, त्यामुळे मला सुटका नाही.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा दुष्काळ होता. प्यायलाच पाणी नाही, तर फुटबॉलची स्पर्धा कुठून भरवणार? पण कप आणून ठेवलेला. सरांनी तीन दिवस व्हरांड्यात येरझारा घातल्या आणि चौथ्या दिवशी म्हणाले, "सामने न्हाई तर न्हाई. मतावर कप देऊ."

नांदेड, लातूर, धर्माबाद, बिलोली, देवणी आणि आम्ही. सहा कॉलेजांच्या खेळाच्या सरांनी पोस्टकार्डावर सहाही संघांचा क्रम लावायचा. पहिल्याला सहा गुण, दुसऱ्याला पाच, असं करत शेवटच्याला एक.

कार्डं आली. पाच जणांनी स्वतःलाच पहिलं घातलं होतं, आमच्या सरांनीसुद्धा. तगड्या संघांना सगळ्यांनी मुद्दाम खाली ढकललं. मग दुसरा कोण? तर ज्याची कुणालाच भीती नाही ती देवणी! देवणीच्या सरांनी मात्र इमानदारीने स्वतःला शेवटी लिहिलं होतं. पाचांचे पाच-पाच आणि स्वतःचा एक, सव्वीस. बाकी कुणी तेवीसच्या वर गेलं नाही.

एकही पहिलं मत नसताना देवणी पहिली! प्राचार्य भडकले. "नव्या जिल्ह्यातला पहिला कप, अन् अकरा पोरं कशीबशी जमवणाऱ्यांना?" त्यांनी आम्हाला पहिला नंबर देणारा नवा निकाल टाइप करायला लावला. टाइप मीच केला, त्याची आजही लाज वाटते. सरांची सही आणायची, नाही दिली तर खेळाचा विभाग जाईल हे सांगायचं, तेही माझ्याच गळ्यात.

संध्याकाळी सरांनी कागद वाचला आणि मला हाताला धरून रांजणापाशी नेलं. रांजण काठोकाठ भरलेला. आमच्या घरी आम्ही घोट मोजून पीत होतो.

"टँकर येतो तवा मी कॉलेजात. घरात दुसरं माणूस न्हाई. पर आठ घरं आपापलं भरून झालं की एकेक घागर मला घालून राहिलेत. तुमचं बी. हरेक घरात पहिलं त्यांचं माणूस, मग मी. बेरीज करा, भाऊसाहेब. गल्लीत लई भरलेला रांजण माझा हाय." मग हळूच म्हणाले, "पहिला मी कुणाच्याच घरात न्हाई. देवणीचा कप काढला, तर माझी बी बेरीज खोटी ठरती की."

मी कागद खिशात घातला. सकाळी प्राचार्यांना सांगितलं, सही मिळणार नाही. त्यांनी खूप आरडाओरडा केला. शेवटी कप देवणीला गेला आणि सरांना ग्रंथालयात बसवलं.

रविवारी टँकर आला. मी बायकोला म्हणालो, आपलं नंतर, पहिली घागर समोर. ती घेऊन गेली. सर दारातच होते.

"क्रम चुकला की, वहिनी," सर म्हणाले. "आधी तुमचं."

"चुकला न्हाई," ही म्हणाली. "सहा गुण मांडा."

सर घागर दोन्ही हातांनी धरून नुसते उभे राहिले. रांजणात ओतायचं त्यांना सुचलंच नाही.