टाचणी पडण्याआधी

एक विचारतो, मोकळेपणाने सांगा. मनातली गोष्ट कोणाला तरी सांगायचीच झाली, तर तुम्ही भरवसा कोणावर ठेवाल? भावावर? शेजाऱ्यावर? बायकोवर? मी गेली तीस वर्षं सॉल्ट लेक सिटीत स्वयंपाकघराच्या सामानाचं दुकान चालवतोय. कॉफीचं यंत्र विकत घेऊन ते टोस्टरच्या खोक्यात बांधून मागणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे आहेत आणि त्यातल्या एकाचंही नाव आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. तेव्हा भरवसा या विषयावर बोलायचा मला थोडा हक्क आहे. थेन ऑलर्टनने भरवसा ठेवला तो बायकोवर. बायको पक्की निघाली. फितूर झाली ती इमारत.

थेन मूळचा इथलाच. आई लवकर गेली म्हणून नेड्रा मावशीने त्याला वाढवला. तिच्याच घरात तो मॉर्मन, म्हणजे चहा, कॉफी, दारू वर्ज्य मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा, म्हणून वाढला, दोन वर्षं धर्मप्रचाराला जाऊन आला, मग नोकरीसाठी क्लीव्हलंडला गेला आणि तिथे एका विमा कंपनीच्या टेबलामागे बसून हळूहळू त्याचा विश्वास उडाला. भांडण नाही, तंटा नाही. एका रविवारी तो सभेला गेला नाही, पुढच्या रविवारी गेला नाही, आणि असे रविवार करता करता नऊ वर्षं झाली. रीतसर पत्र लिहून त्याने चर्चमधून नावही काढून घेतलं. चर्चला कळवलं, पण मावशीला कळवायचं राहून गेलं. (राहून गेलं म्हणजे दर रविवारी दुपारी मावशीचा फोन यायचा आणि दर रविवारी ते राहून जायचं.)

मग एका रविवारी मावशी आपल्या मुलीबद्दल म्हणाली, "मार्लीसचं लग्न ठरलंय. मंदिरात. तिचे वडील नाहीत, तेव्हा दोन साक्षीदारांपैकी एक तू. मंदिराचं कार्ड चालू आहे ना तुझं?"

आता हे कार्ड म्हणजे काय, तर मंदिराच्या दारात ते दाखवल्याशिवाय सख्ख्या आईलाही पोरीच्या लग्नाला आत सोडत नाहीत. दर दोन वर्षांनी मुलाखती होतात, चहा-कॉफी घेत नाहीस ना, खरं बोलतोस ना, असं सगळं विचारतात आणि मग ते मिळतं. थेनचं कार्ड कधीच बाद झालं होतं. सांगायला हीच वेळ होती.

"चालू आहे, मावशी," थेन म्हणाला.

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, "कसलं कार्ड?"

रेनाटा क्लीव्हलंडची, कॅथलिक घरातली. तिने आजवर युटा पाहिलं नव्हतं आणि नवऱ्याच्या मावशीला फक्त फोटोत पाहिलं होतं. थेनने तिला सगळं सांगितलं.

"मग आता करणार काय तू?"

"लग्नाच्या दिवशी सकाळी आजारी पडणार."

"कशाने?"

"ते अजून ठरवलेलं नाही."

लग्नाच्या आदल्या दिवशी दोघं इथे पोचली. मावशी लग्नाच्या गडबडीत, संध्याकाळपर्यंत तिची गाठ नव्हती. रेनाटाला शहर पाहायचं होतं. थेनने विमानातच एक यादी केली होती. माणसं पाहायची ठिकाणं शोधतात, याने न दिसायची शोधली होती. एक, कॉफीचं दुकान, कारण तिथे मॉर्मन येत नाहीत. दोन, बिअरचा गुत्ता, कारण तिथे तर मुळीच येत नाहीत. तीन, खारं सरोवर, कारण तिथल्या वासामुळे कोणीच येत नाही. चार, जुनं कबरस्तान.

"कबरस्तान कशाला?" रेनाटाने विचारलं.

"तिथे आपले नातेवाईक पुष्कळ आहेत, पण एकही जण कार्डाचं विचारणार नाही."

यादी पहिल्याच ठिकाणी गारद झाली. कॉफीच्या दुकानात दोन कप घेऊन थेन मागच्या कोपऱ्यात जायला वळला, तर कोपऱ्यातल्या टेबलावर वर्तमानपत्र, वर्तमानपत्राच्या वर पांढरे केस, आणि त्या केसांखाली बिशप ट्विचेल. बिशप म्हणजे आमच्याकडे आठवडाभर आपला धंदा करून रविवारी वॉर्डाचा, म्हणजे आपल्या वस्तीतल्या मॉर्मन मंडळींचा, कारभार पाहणारा माणूस. ट्विचेल दातांचे डॉक्टर. चौदा वर्षांच्या थेनला समोर बसवून कॉफीने आत्म्याचं आणि दातांचं असं दुहेरी नुकसान कसं होतं, हे त्यांनीच समजावलं होतं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी एकमेकांच्या कपाकडे पाहिलं.

"थेन ना रे तू? नेड्राचा?" बिशप म्हणाले. "इथलं गरम चॉकलेट फार चांगलं असतं."

"हो ना, बिशप. मी पण तेच घेतलंय."

"दोन कप?"

"बायकोलाही चॉकलेटच लागतं."

"मला नाही लागत," रेनाटा म्हणाली. "मी कॉफी पिते."

"त्या बाहेरच्या आहेत," थेनने घाईने सांगितलं.

"त्यांचं चालतं," बिशप म्हणाले आणि आपल्या कपावर वर्तमानपत्र ठेवून उठले. "चल, मी पण निघालोच होतो. कुठे निघालात? येतो तिथवर."

बिअरच्या गुत्त्याकडे बिशपांना घेऊन जाणं शक्य नव्हतं. तोंडात आलं ते बोलून गेला, "टॅबरनॅकलला. बायकोला टाचणी ऐकवायचीय."

"वा, अकरा वाजता दाखवतात ते गाठू," म्हणत बिशप पुढे झाले, आणि जी जागा थेनच्या यादीत कधी आलीच नसती तिच्या दारापर्यंत त्यांनी दोघांना हाताला धरून सोडलं.

टॅबरनॅकल म्हणजे मंदिराशेजारचं घुमटाचं सभागृह. उलट्या ठेवलेल्या होडीसारखं छत, आत लाकडी बाकांच्या रांगा. तिथे पुढच्या टोकाला व्यासपीठावर एक टाचणी टाकतात आणि पार मागच्या टोकाला ती ऐकू येते. कर्ण्याशिवाय, वायरीशिवाय. पाहुणे चकित होतात. थेनने लहानपणी ती टाचणी इतक्यांदा ऐकली होती की आपण तिथे बसून बोललो तर काय होईल, हा विचार त्याला आयुष्यात शिवला नव्हता. त्याच्या लेखी तो घुमट एकाच दिशेने बोलायचा.

तो सर्वांत मागच्या बाकावर मान खाली घालून बसला. आसपास चाळीसेक पाहुणे. पुढून एका बाईचा आवाज आला, "आता सगळ्यांनी अगदी शांत बसा. श्वाससुद्धा हळू घ्या. मी टाचणी टाकते."

थेनने मान वर केली. व्यासपीठावर निळ्या कोटात, हातात टाचणी धरून नेड्रा मावशी उभी होती. (रोजची बाई आजारी पडली म्हणून ऐन गडबडीत मावशी तिच्या जागी आली होती. खरोखरच आजारी पडणारे लोक जगात असतात, हे थेनच्या हिशेबात नव्हतं.)

सभागृहात सगळे श्वास रोखून बसले होते. थेन बायकोच्या कानाशी लागला.

"ती मावशी आहे. ऊठ, मागच्या दाराने सटकू."

"ही का ती? गोड दिसते," रेनाटा कुजबुजली. "उठून कशाला जायचं? भेटूया ना."

"वेडी आहेस का? मी चर्च सोडलं हे तिला माहीत नाही. नऊ वर्षं झाली, नावसुद्धा काढून घेतलंय. उद्या मी आजारी पडणार आहे, तर आज धडधाकट दिसून चालेल का?"

"कशाने पडणार ते ठरलं का?"

"पोटाने."

त्यानंतर जी शांतता झाली ती टाचणीच्या आधीची नव्हती. चाळीस माना एकदम मागे वळल्या. व्यासपीठावर मावशीचा हात टाचणीसकट हवेत तसाच राहिला. थेनला वाटलं की आपण बाकाचा एक भाग झालो तर बरं.

मावशीने एकदा खोल श्वास घेतला. तोही शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आला. मग तिने टाचणी टाकली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "मागे बसलेल्यांना ऐकू आलं का?"

पुढच्या रांगेतला एक टेक्ससचा पाहुणा म्हणाला, "टाचणीचं सांगता येत नाही, बाई. पण मागच्यांचं सगळं पुढे ऐकू आलं."

मावशीने दुसरी टाचणी काढली, टाकली, घुमट कोणी बांधला ते सांगितलं, पाइपांचा ऑर्गन दाखवला, कार्यक्रम वेळेवर संपवला. मग ती सावकाश मधल्या वाटेने चालत मागे आली. पाहुण्यांना बाहेर जायचं होतं, पण कोणी जाईना.

"तू रेनाटा," ती आधी सुनेला म्हणाली. "ये गं. फोटोत उंच वाटली होतीस."

"मावशी, मी सांगणारच होतो," थेन म्हणाला.

"कधी?"

थेन बाकावरून उठून उभा राहिला.

"दर रविवारी मी विचारायचे, आज सभेत काय झालं. तू म्हणायचास, पोट बरं नव्हतं म्हणून गेलो नाही."

"हो."

"नऊ वर्षं दर महिन्याला मी मंदिरातल्या प्रार्थनेच्या यादीत तुझं नाव घालतेय. पोटासाठी. दर वेळी दहा-बारा अनोळखी माणसं हात जोडून उभी राहतात तुझ्या पोटासाठी, थेन. काय झालं होतं पोटाला?"

"काही नाही, मावशी. उत्तम आहे."

"म्हणजे लागू पडली," मावशी म्हणाली. पण तिच्या तोंडावर हसू नव्हतं आणि डोळ्यांच्या कडा लाल झाल्या होत्या. "सोडलंस ते तुझं तू आणि देव बघून घ्या. मला सांगितलं नाहीस, ते मात्र माझं आहे. माझ्यावर एवढाही भरवसा नव्हता?"

"मी उद्या येऊ का नको?" थेनने खाली बघत विचारलं.

"साक्षीला डेलमार काका उभे राहतील. तू साडेदहाला दारात ये. कोट घालून."

बोलावलंय ते ठेवून घ्यायला की वाटेला लावायला, हे त्याला कळेना. रात्रभर तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. जिने त्याला बुटाची नाडी बांधायला शिकवली, ती उद्यापासून आपली राहते की नाही, एवढाच प्रश्न होता. पोटही दुखायला लागलं, पण आता ते कोणाला सांगायची सोय उरली नव्हती.

सकाळी मंदिराच्या दारात मावशी उभी होती आणि तिच्यामागे घराण्यातली पोरं. बारा वर्षांखालची, मुली पिवळ्या फ्रॉकमध्ये, मुलगे पिवळा बो लावून. पोरांनाही लग्नाच्या खोलीत सोडत नाहीत.

"ही अकरा आहेत," मावशी म्हणाली. "आत तासभर लागेल. बाहेर कोणीतरी भरवशाचं हवं. जमेल तुला?"

थेनला गहिवरून आलं. "जमेल, मावशी. केसालाही धक्का लागणार नाही."

"केसांचं सोड, पोरं सांभाळ," म्हणून ती आत गेली.

आता मंदिरासमोरच्या त्या हिरवळीचं एक आहे. जूनमधल्या शनिवारी तिथे एकामागून एक लग्नं लागत असतात. एक नवरी बाहेर येते, दुसरी आत जाते, आणि प्रत्येकीच्या गोतावळ्याची पोरं बाहेर उंडारत असतात. रंग ठरवताना सगळे एकाच मासिकात बघत असावेत, कारण त्या वर्षी अर्ध्या युटाने पिवळा निवडला होता. थेनने काम मात्र मन लावून केलं. विम्याच्या कागदावर मारतात तशा खुणा करत दर पाच मिनिटांनी पोरं मोजली. अकरा. अकरा. अकरा. रेनाटाने त्यांना पाणी पाजलं, सँडविच वाटली. एक पडला, त्याला उठवला. दोघांचं भांडण सोडवलं. पुन्हा मोजली. अकरा.

तासाने दार उघडलं. मार्लीस, नवरदेव, मागून मावशी. थेन एक पाऊल पुढे झाला. नऊ वर्षांत इतक्या ताठ मानेने तो मावशीसमोर उभा राहिला नव्हता.

"अकराच्या अकरा, मावशी. मोजून घे."

मावशीने मोजली नाहीत. तिने नुसती रांगेवरून नजर फिरवली आणि तिची नजर शेवटच्या पोरावर थांबली. तो तिसरं सँडविच खात होता.

"हा कोण?"

थेनने वळून पाहिलं. पिवळा बो होता. तोंड मात्र ओळखीचं नव्हतं. "बाळ, तुझं नाव काय?"

"पार्कर."

"तू आमच्यातला नाहीस?"

"नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"कोणी विचारलंच नाही," पार्कर म्हणाला. "आणि तुमची सँडविच चांगली आहेत."

म्हणजे आपला एक कमी. मार्लीसच्या भावाचा धाकटा, ब्रॅम. रेनाटा पायातले बूट हातात घेऊन कारंज्याकडे धावली, थेन आवाराच्या फाटकाकडे. मावशी जागची हलली नाही. तिने फक्त बोट केलं. पलीकडच्या पायऱ्यांवर एका परक्या लग्नाचा फोटो चालला होता. साठेक माणसं, मधोमध नवरा-नवरी, आणि पुढच्या रांगेत नवरीच्या आजीचं बोट धरून आमचा ब्रॅम दात काढून हसत होता. आजीला पत्ता नव्हता. फोटोवाला म्हणत होता, या छोट्याला जरा मध्ये घ्या.

पोरांची अदलाबदल झाली. दोन्हीकडच्यांनी एकमेकांची माफी मागितली. थेन पुन्हा मावशीसमोर येऊन उभा राहिला, काल घुमटाखाली होता त्याहून खाली मान घालून.

मावशीने त्याच्या कोटावरचा सँडविचचा तुकडा झटकला. "घरातलं माणूस बाहेर पडलं हे मला नऊ वर्षं कळलं नाही," ती म्हणाली, "आणि तुला तासभर. आपलं घराणं एकच रे बाबा. चल, फोटोला उभा राहा. कडेला नको, माझ्याशेजारी ये, म्हणजे मला दिसत राहशील."

तो फोटो माझ्या दुकानासमोरच्या स्टुडिओत काचेत लावला आहे, येता-जाता मी पाहतो. तेव्हा तुम्हालाही कधी त्या हिरवळीवर कोणाची पोरं सांभाळायची वेळ आली, तर माझं एवढं ऐका. डोकी मोजून गप्प बसू नका, तोंडं बघून ठेवा, आणि घेतली कोणती, परत केली कोणती, याचा हिशेब प्रामाणिकपणे ठेवा.