फितूर पात्याची हकीकत

श्री. ज्याने लोहास धार दिली आणि काष्ठास बळ दिले, आणि उभयतांची गाठ घालणे मात्र मनुष्यावर सोपविले, त्यास नमन असो. शाके पंधराशे दोन, विक्रम नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी आमच्या राज्यात जे वर्तमान घडले ते जैसे घडले तैसे लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही.

राज्य थोर. तीन अंगांनी सागाचे रान आणि चौथ्या अंगास नदी, आणि नदीपार शेजारचे राज्य. आमच्या सागाची गलबते दूरच्या बंदरी जात आणि तेथील लोक तळाची फळी बोटाने वाजवून म्हणत, हे लाकूड त्या राज्याचे. मार्गशीर्षात झाडांतला रस उतरला म्हणजे तोडीस आरंभ होई, आणि पहिला घाव खुद्द महाराजांनी घालावा ऐसा शिरस्ता होता. त्या घावाची कुऱ्हाड निराळी, तिचे नाव वनविजया, तीस पालखी होती आणि पालखीवर छत्र होते. तीस दांडा घालण्याचा मान निंबाजी सुताराच्या घराण्याकडे वडिलोपार्जित होता, आणि निंबाजी त्या मानाने रस्त्यातून चाले तेव्हा घोडेस्वारही बाजू देत.

ऐसे सर्व उत्तम असता एक उणे होते, आणि ते उणे राजनिष्ठेतून उपजले होते. त्याचा मजकूर ऐसा, की महाराजांचे आजे कैलासवासी थोरले महाराज यांचे लग्न तरुणपणी नदीपारच्या राजकन्येशी ठरले होते, आणि मांडव पडला आणि वाजंत्री आली, आणि मग एका कारभाऱ्याने मध्येच पाचर मारली आणि लग्न मोडले. थोरले महाराज संतापले आणि त्यांनी हुकूम फर्माविला की, आजपासून या राज्यात कोणी पाचर मारू नये. दवंडी पिटली. आता हुकूम कारभाऱ्यांस उद्देशून होता, परंतु आमची प्रजा ऐसी आज्ञाधारक, की सुतारांनी तो शब्दशः मानिला. खाटा, दरवाजे, नांगर, कुदळी, जेथे जेथे लाकडात लाकडाची पाचर होती तेथून ती उपटून काढिली. खाटा करकरू लागल्या, तरी माणूस कोणी कुरकुरले नाही. ऐसी प्रजा अन्य राज्यी असेल तर दाखवावी.

कुऱ्हाडींचे मात्र कठीण जाहले. पात्याच्या पाठीस दांडा घालावयाचे जे भोक, त्यास नेढे म्हणतात. दांड्याचे डोके नेढ्यातून पार काढावे, त्यास चीर पाडावी आणि चिरेत पाचर ठोकावी, म्हणजे पाते बसते. पाचर गेली तेव्हा लोक दांडा पाण्यात भिजवू लागले. लाकूड फुगे आणि पाते त्या दिवसापुरते गच्च होई. परंतु लोखंड काही फुगत नाही. फुगलेले लाकूड त्याच्या भिंतीवर दाबले जाऊन आतले तंतू चिरडत, आणि मग सुकल्यावर दांडा पूर्वीहून बारीक होई. म्हणून जों जों भिजवावे तों तों ढिले होई, आणि जों जों ढिले होई तों तों अधिक भिजवीत. प्रातःकाळी नदीचा घाट पाहावा तर माणसे काठावर आणि कुऱ्हाडी पाण्यात, जणू गावाने आपली हत्यारे स्नानास बसविली आहेत.

त्या साली पहिल्या घावाचा दिवस उगवला आणि महाराज रानात आले, आणि राजमाता आईसाहेब आल्या, आणि विसाजीपंत दिवाण नवी पगडी घालून आले, आणि नदीपारच्या राज्याचे वकील पाहुणे म्हणून आले. महाराजांनी वनविजया मस्तकावर उचलली, आणि मग घाव घालणार तोच पात्याने दांड्याची चाकरी सोडिली आणि ते एकटेच मोहिमेस निघाले. ते वाटेत दिवाणजींची पगडी घेऊन गेले आणि पालखीच्या दांडीत रुतून बसले. दिवाणजींचे मस्तक वाचले, पगडी कामास आली. महाराज हाती नुसता दांडा घेऊन सागासमोर उभे राहिले आणि साग जसा होता तसा उभा राहिला. वकील हसू दाबीत म्हणाले, "महाराज, आमच्याकडे कुऱ्हाडीने झाडे पडतात. आपल्याकडे पगड्या पडतात. ज्याचा त्याचा रिवाज." महाराजांच्या कानाच्या पाळ्या लाल जाहल्या.

मग दरबार भरला आणि पात्यावर फितुरीचा आरोप ठेविला, आणि त्यास साखळदंड घालून मध्यभागी आणिले. दिवाणजींनी पुसले, "धन्याचा हात ऐन घावात का सोडलास?" पाते बोलेना. दिवाणजी म्हणाले, "गप्प राहणे म्हणजे कबुलीच." तेव्हा निंबाजी पुढे जाहला आणि मुजरा करून बोलिला, "महाराज, ते मुके आहे. त्याला बसविले मी. बोलणे खायचे ते मीच खाईन." महाराजांना निंबाजीची माया होती, परंतु वकिलांचे हसणे कानात होते. हुकूम जाहला की, पाते साखळदंड काढून निंबाजीच्या जामिनावर द्यावे, आणि पौर्णिमेस पुन्हा घाव घालू. पाते पुन्हा सुटले तर निंबाजीने हत्यारे देवडीवर ठेवावी आणि कुटुंबासह नदीपार निघून जावे.

निंबाजी घरी आला आणि नवा दांडा घेऊन तो रांजणात बुडवू लागला. घरात त्याची सून ठकूबाई होती, नुकतीच लग्न होऊन आलेली, माहेर नदीपारचे, बाप सुतार, आणि जीभ पटाशीहून धारेची. ती म्हणाली, "मामंजी, दांड्याला आंघोळ कशाला?"

"गच्च बसावा म्हणून."

"भिजून फुगलाय तो. उन्हात दोन घटका उभा केला की अंग चोरील. पाचर कुठाय?"

निंबाजीने दोन्ही कानांवर हात ठेविले. "हळू बोल, पोरी! या घरात तो शब्द माझ्या बापाच्या वेळेपासून कोणी काढला नाही."

"शब्द नका काढू. पाचर तर काढा."

मग निंबाजीने हुकुमाचा सगळा इतिहास सांगितला आणि ठकूबाईने तो ऐकला, आणि प्रथम ती हसली, आणि मग सासऱ्याचे तोंड पाहून हसू आवरले. म्हणाली, "म्हणजे हुकूम पाळला तर देशोधडी, आणि मोडला तर इथे राहणे. यात विचार तो काय?"

"हुकूम मोडून इथे राहिलो, तर मग हे राज्य माझे कसे म्हणू?" निंबाजी बोलिला. "माझ्या आज्याने स्वतःच्या हाताने पाचरा उपटल्या. रडत उपटल्या, पण उपटल्या."

ठकूबाई म्हणाली, "मामंजी, मी मारते. आणि माहेरची म्हणून नाही मारत. तुमचे घर जाते ते माझेही जाते. विचारतील तेव्हा जबाब मी देईन."

निंबाजीने रांजणातला दांडा बाहेर काढून भिंतीस टेकविला आणि म्हणाला, "मग उघडी मार. वरून माती, मेण काही लिंपू नकोस. चोरून केलेले काम मी महाराजांच्या हातात देणार नाही."

मग उभयतांनी काम आरंभिले. माळ्यावर धामणीचे लाकूड होते, चुलीच्या धुराने आणि काळाने आतपर्यंत सुकलेले. निंबाजीने त्याचे रेषे डोळ्यांजवळ धरून पाहिले आणि या टोकाचा रेषा त्या टोकास न तुटता पोचतो ऐसा दांडा तासला, कारण आडवा रेषा असला की दांडा घावात मोडतो. डोके नेढ्याच्या मापाचे केले, काजळ लावून आत घालावे, जेथे काजळ पुसले तेथेच किंचित तासावे, आणि पुन्हा घालावे. या कामात निंबाजीचा हात ऐसा, की ठकूबाई म्हणाली, "माझ्या बापाला हे जमत नाही. त्याला सांगू नका मी म्हणाले म्हणून." मग पाते चढविण्याची वेळ आली आणि निंबाजी पात्यावर हातोडा उचलू लागला, तो ठकूबाईने धरिला. तिने कुऱ्हाड उलटी केली, पाते खाली लोंबते आणि दांड्याचे बूड वर, आणि कुऱ्हाड हवेत अधांतरी धरून बुडावर मोगरीचे ठोके दिले. पाहतो तर प्रत्येक ठोक्यास पाते दांड्यावर वर वर चढू लागले.

निंबाजीने डोळे चोळले. "खालचे वर कसे येते? मंत्र आहे का?"

"पाते जड आणि आळशी आहे. दांडा खाली जातो, ते म्हणते मी नाही हलत. ते जागेवर राहते आणि दांडा त्याच्यातून पुढे जातो." मग तिने डोक्याच्या चिरेत सुक्या बाभळीची पाचर ठेविली आणि ठोकली, आणि ठोक्याचा आवाज बद्द होता तो बदलून खणखणीत जाहला, आणि तेव्हा ती थांबली.

पौर्णिमेस सर्व मंडळी पुन्हा रानात जमली. वकील या खेपेस पगडी न घालता आले आणि दिवाणजींस म्हणाले, "शहाण्याने एकदाच शिकावे." दिवाणजींनी कुऱ्हाड तपासण्यास घेतली, आणि पाहतात तो दांड्याच्या डोक्यात बाभळीची रेघ! "पाचर!" ऐसे ओरडले. गर्दी दोन पावले मागे सरली. निंबाजी मान ताठ ठेवून उभा राहिला. ठकूबाई पदर सावरून पुढे आली आणि म्हणाली, "मी मारली."

महाराजांनी पुसले, "आमच्या आजोबांचा हुकूम ठाऊक होता?"

"होता, महाराज. म्हणून तर उघडी मारली." मग तिने धामणीचा उरलेला तुकडा काढून ओंडक्यावर उभा ठेविला, त्यात दुसरी पाचर घातली आणि ठोकली. तुकडा उभा चिरला आणि त्याची दोन शकले दोहींकडे पडली. "थोरल्या महाराजांनी बंदी घातली ती हिला, आणि योग्य घातली. आता कुऱ्हाडीत पाहा. फूट येथेही पाडली आहे, पण भोवती लोखंडाची भिंत आहे. फुटून जायला जागा नाही, म्हणून लाकूड पसरते आणि लोखंडास घट्ट धरते. आणि नेढे या वरच्या तोंडाशी रुंद आहे, म्हणून पसरलेले डोके मागे फिरत नाही. तीच पाचर, तोच ठोका. कोठे मारली तेवढे पाहावे."

सर्वांनी आईसाहेबांकडे पाहिले, कारण थोरले महाराज त्यांचे सासरे. आईसाहेब विचार करून म्हणाल्या, "मामंजींचे ते लग्न मोडले म्हणून दुसरे जाहले. दुसरे जाहले म्हणून माझे यजमान जन्मले, आणि म्हणून महाराज, आपण. ती मेली पाचर कोणी मारली नसती, तर आज हा न्याय करायला येथे कोण असते?" दरबारात ऐसा प्रश्न पूर्वी कोणी काढिला नव्हता. महाराजांनी आपल्या हातांकडे पाहिले, जणू ते प्रथमच दिसले, आणि मग म्हणाले, "कुऱ्हाड आणा."

मग महाराजांनी वनविजया मस्तकावर उचलली, आणि निंबाजीने डोळे मिटले, आणि ठकूबाईने मिटले नाहीत. घाव पडला. पाते सागात उतरले आणि तेथेच राहिले, आणि दांडा त्यास धरून राहिला. महाराजांनी ते हिसडून काढिले आणि दुसरा घाव घातला, आणि तिसरा, आणि पुढे हात राहीनात. रिवाज एकाच घावाचा होता, परंतु महाराज घामाघूम होऊन अख्खा साग पाडूनच थांबले, आणि तो पडला तेव्हा नदीपारपर्यंत आवाज गेला. आणि सर्वांनी प्रथम पाहिली ती दिवाणजींची पगडी. ती जागेवर होती.

वकील घसा साफ करून म्हणाले, "विद्या आमच्या राज्याची, हे दरबाराने ध्यानी घ्यावे."

ठकूबाई म्हणाली, "वकीलसाहेब, पाचर माहेरची, खरे आहे. पण धामण इथल्या रानाची आणि तासणी माझ्या सासऱ्याची. आपल्याकडचा सर्वांत सरळ दांडा घेऊन या आणि या दांड्याशेजारी ठेवा. मग बोलू." वकिलांनी दांडा हाती घेऊन एक डोळा मिटून पाहिला, फिरवून पाहिला, आणि निंबाजीस प्रथमच 'निंबाजीराव' म्हणाले. निंबाजीचे डोळे भरले, परंतु मान होती तशीच राहिली.

राहता राहिला थोरल्या महाराजांचा हुकूम. नातवाने आज्याचा हुकूम पुसावा हे शोभेना, आणि तसाच ठेवावा तर ठकूबाई गुन्हेगार. महाराज अडले. तेव्हा विसाजीपंत दिवाण, ज्यांची एक पगडी या प्रकरणी कामी आली होती, पुढे आले आणि म्हणाले, "महाराज, पुसण्याचे कारण नाही. हुकुमातही चीर आहे. एक शब्द आत ठोकतो, म्हणजे बसेल." आणि त्यांनी तेथेच लेखणी मागवून एक शब्द घातला, आणि दवंडी पिटली की, आजपासून या राज्यात नेढ्याबाहेर कोणी पाचर मारू नये.

तात्पर्य, पात्याचा जामीन सुटला आणि त्यास फितुरीतून मुक्त केले; जेथे लाकूड बसते ते प्रत्येक भोक नेढेच ऐसे सुतारांनी मानिले, आणि खाटा निमूट जाहल्या; घाटावर कुऱ्हाडींचे स्नान बंद पडले; ठकूबाईस पाचरबहाद्दर किताब जाहला. निंबाजी नदीपार गेला तो एकदाच, विहिणीस भेटावयास, आपण होऊन, आणि संध्याकाळच्या नावेने आपल्या घरी परत आला. वनविजयेचा तो दांडा अद्याप आहे. पाते हलवून पाहावे, हलत नाही.