मामंजींचा उकिरडा

मला बघायला आले तेव्हा सगळी माणसं ओसरीवर बसली आणि एक म्हातारा तडक आमच्या परसातल्या उकिरड्यावर गेला. हे हिराजीमामंजी, माझे चुलत सासरे. काठीनं खालवर उकरून परत आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "कांद्याची सालं हायत, पन फनसाची आठळी एक नाय. म्हंजे शिजवून खातात. पोर संसार करंल. भाकरी करपवते, पन ते शिकंल!" माझ्या आईनं त्यांना मरेपर्यंत माफ केलं नाही.

"उकिरडा खोटं बोलत नाय," हे मामंजींचं ब्रह्मवाक्य.

अशी मी पालेगावात आले. स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झाली असतील. मामंजींचं घर आमच्या घराला लागून. त्यांना हे खूळ लागलं कसं, तर अंबरनाथच्या जुन्या देवळापाशी कोणी साहेब खापऱ्या वेचत होता. मामंजींनी एक दिवस त्याची पिशवी उचलली आणि घरी आले ते विद्वान होऊनच. शेतात खापरी दिसली की उचलायची, धोतराला पुसायची, जिभेला लावायची. चिकटली की ओरडायचे, "जुनी! आज्याच्या आज्याची!" शेजारची सखू म्हणायची, "मामा, मीठ देऊ का लावायला?"

गावची विहीर चैत्रात आटायची. मग आम्ही बायका हंडे घेऊन वालधुनी नदीवर. तिथं वाळूत झिरा खणायचा आणि वाटीवाटीनं भरायचं. त्या वर्षी पंचांनी ठरवलं, विहिरीत सुरुंग लावायचा. मामंजी उठून उभे राहिले. "पयली मानसं काय पान्याबिगर जगली? घागर फुटते कुठं? पान्यापाशी, नायतर पान्याच्या वाटंवर. घागरीचे काठ शोधा, पानी सापडंल."

लोक पोट धरून हसले. मामंजी मात्र पांढरीवरून, म्हणजे पूर्वी गाव वसलेलं होतं त्या जागेवरून, शोधत निघाले. घागरीचा काठ सापडला की तिथं चुन्याचा ठिपका. आठवडाभर ठिपके शेतं ओलांडत, बांध चढत आले, ते थेट मामंजींच्याच कुंपणाशी. तिथं मामंजी थांबले. "वाट मोडली," म्हणाले आणि घरात जाऊन झोपले.

"घ्या! म्हाताऱ्यानं आपलंच घर शोधून काढलं," सखू म्हणाली. सुरुंगवाल्याला निरोप गेला.

मला काही चैन पडेना. दुसऱ्या दिवशी नदीवर जाता जाता हंडा घेऊनच त्यांच्या परसात शिरले. मामंजी उंबराखाली, उकिरड्याशेजारी बसलेले. हा उकिरडा गावात प्रसिद्ध. सगळे दर वर्षी पावसाआधी खत शेतात नेत. मामंजींच्या घरी मात्र पहिल्यापासून वरवरचंच नेत, तळ कधी उपसला नव्हता; आणि बायको गेल्यापासून तर त्यांनी एक पाटी उचलू दिली नव्हती. लोक म्हणत, खाली मोहरा पुरल्यात.

"मामंजी," मी म्हटलं, "भर वैशाखात हा उंबर एवढा हिरवा? त्याला पाणी कोण घालतं?"

ते काठीनं जमीन टोकरू लागले. "उकिरडा खोटं बोलत नाय, सूनबाय. मी बोललो."

मग त्यांनी कडेची राख हातानं सारली. आत वीतभर थर, आणि त्यात हिरव्या काचेचे तुकडे. "तुझी चुलत सासू. रागावली की भाकरी अशी थापायची की बांगडी फुटलीच समज. ह्याच्या खालचं माझ्या आईच्या येळचं. वरचं माझ्या एकट्याचं. ही मधली वीत तिची. ती कशी उचलू?"

मी हंडा कमरेवर घेतला आणि निघाले. कुंपणापर्यंत पोचले तोच हाक आली, "थांब. हंडा ठेव. पाटी आन."

सगळा गाव पाट्या वाहायला लागला. ती वीत मात्र मामंजींनी कोणाला शिवू दिली नाही, एकट्यानं उपसली. खाली घडीव दगड लागले, दोन पायऱ्या, काळा चिखल, आणि मग हळूहळू पाणी. सखू ओरडली, "मामा, जिभेला लावून बघा, जुनं आहे का!" मामंजींनी खरंच लावलं. "गोड हाय," म्हणाले.

सुरुंग रद्द झाला. मामंजींनी गावाला दोनच गोष्टी बजावल्या: इथं कचरा टाकायचा नाही आणि उंबराला कुऱ्हाड लावायची नाही. "पयल्यांनी झाड राखलं, पानी बांधून काढलं. आपन वरून घान टाकली नि नदीवर गेलो."

संध्याकाळी मी शेवटचा हंडा भरायला गेले, तर ते काठावरच्या चिखलात एकेक हिरवा तुकडा दाबत बसले होते.

"पुढं कुनी खुळा शोधत आला तर त्याला कळू दे," म्हणाले, "हितं बायका पानी भरायच्या."

मग माझ्याकडे न बघता, "ती जन्मभर नदीवर गेली, सूनबाय. आता तरी जवळ पडंल."