रक्ताची स्मरणशक्ती

"मला कांजिण्या लहानपणीच येऊन गेल्यात," असं छातीठोकपणे सांगून मी सासऱ्यांच्या सेवेला लागलो. त्यांच्या पाठीवर नागीण उठली होती. बायकोला पाचवा महिना, म्हणून तिला त्या खोलीत येऊ दिलं नाही. औषध मीच लावायचो. सासरे पालथे पडून म्हणायचे, "जावईबापू, पोटच्या पोरानं एवढं केलं नसतं." मी टम्म फुगायचो.

चौथ्या दिवशी हे बायकोच्या डॉक्टरीणबाईंना कळलं. "नागिणीच्या फोडांतून कांजिण्या होऊ शकतात. तुला येऊन गेल्यात का?" बायकोला आठवेना. सासरे म्हणाले, "हिला कधीच नाही." बाईंनी आम्हा दोघांचं रक्त तपासायला पाठवलं.

रिपोर्ट मोबाइलवर आले. तिचा पॉझिटिव्ह, माझा निगेटिव्ह. म्हणजे तिला लागण झाली म्हणायची. सासऱ्यांना दारातूनच सांगितलं, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मला तरी काही झालेलं नाही," मी धीर दिला.

बायको एवढंच म्हणाली, "बाळाचं काय रे होईल?"

आम्ही तडक दवाखाना गाठला. बाईंनी रिपोर्ट वाचला आणि त्या चक्क हसल्या.

"अहो, पॉझिटिव्ह म्हणजे हिच्याकडे कांजिण्यांशी लढायची ताकद आहे. लहानपणी दोन-चार फोड येऊन गेले असतील, कुणाच्या लक्षातही आलं नसेल. रक्तानं लक्षात ठेवलं. बाळालाही त्यातलं थोडं मिळेल."

मी मोबाइलवरच्या त्या आकड्याकडे बघतच राहिलो. आईबापांना न कळलेलं, तिलाही न आठवणारं दुखणं तिचं रक्त पंचवीस वर्षं ध्यानात ठेवून होतं. सासऱ्यांच्या अंगात कांजिण्यांचा तोच विषाणू साठ वर्षं गुपचूप झोपला होता आणि आता नागीण होऊन उठला होता. आणि आपण चष्मा कुठे ठेवला ते विसरतो.

"मग माझा निगेटिव्ह?"

"तुम्हाला कांजिण्या कधी आल्याच नाहीत."

मी तिथूनच आईला फोन लावला. "त्या तुझ्या ताईला आल्या होत्या," आई म्हणाली. "ती घरी राहिली म्हणून तूही आठवडाभर अंग खाजवत शाळा बुडवलीस."

बाईंनी मला लगेच लस टोचली, पण उशीर झाला असावा. पंधराव्या दिवशी पोटावर पहिला फोड दिसला. ऑफिसात रजेसाठी कळवलं, "घरी कांजिण्या आहेत."

साहेब काळजीनं म्हणाले, "अरे, पण तुमचं बाळ अजून जन्माला यायचंय ना?"